दोन किलो रहिवासी

लालबागच्या करसन प्रेमजी चाळीत तिसऱ्या मजल्यावर चौतीस नंबरची खोली होती आणि त्या खोलीचा एकच नियम होता. गावाहून जो कुणी येईल, त्याची आल्या दिवशी वहीत नोंद झाली पाहिजे. नाव, तारीख, सोबतचं सामान आणि झोपायची जागा. खोली कुणा एकाची नव्हती, मौजे शिरंबवली, तालुका संगमेश्वर या अख्ख्या गावाची होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे बेचाळीस बाप्ये तिथं पाळीपाळीनं झोपत. रातपाळीवाला सकाळी यायचा आणि दिवसपाळीवाल्याच्या अजून ऊबदार असलेल्या वळकटीवर आडवा व्हायचा. एखादा गणपतीला गावी गेला की त्याची दोन फूट जागा दुसऱ्याला मिळे, म्हणून 'आला' इतकंच 'गेला'ही लिहावं लागे. पुढं गिरण्या बंद झाल्या, बाप्ये दिव्याला आणि नालासोपाऱ्याला पांगले, पण वही राहिली. ती ग्रामदेवीच्या तसबिरीखाली ठेवलेली असे आणि तिच्यात खोटं लिहायची कुणाची छाती नव्हती.

त्यामुळे एका जूनमध्ये सकाळी सहाच्या एस.टी.नं राजाराम पाष्टे दोन किलो गांडुळं घेऊन गावाहून आला, तेव्हा त्यानं हातपाय धुतले, देवीला उदबत्ती ओवाळली, चष्मा लावला आणि रीतसर नोंद केली. 'गांडुळे. गावाहून आली. दोन किलो. सामान : शेण. झोपायची जागा : जिन्याखाली.' यात आपण काही जगावेगळं करतोय असं त्याला वाटलं नाही. गावाहून आलं होतं, ते लिहिलं.

राजाराम तेव्हा साठीचा होता. सतराव्या वर्षी मुंबईला आला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला, संपात गिरणी गेली आणि त्याच संपात लग्नाचं वयही गेलं. मग वीस वर्षं वखारीवर वॉचमन. आता खोलीत तो आणि देवीची तसबीर, दोघंच. आयुष्याकडं त्याची एकच मागणी उरली होती : आपलं नाव एकदा तरी कुठल्या तरी दारावर लागावं. गावच्या घरावर थोरल्या भावाचं नाव होतं, खोलीवर ग्रामस्थ मंडळाचं. चाळीचा पुनर्विकास होणार अशी आवई उठली, त्याच आठवड्यात त्यानं बाजारातून स्टीलची पाटी कोरून आणली, 'राजाराम धोंडू पाष्टे', आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. आवई उठून अकरा वर्षं झाली होती. पाटीला अजून गंज नव्हता, कारण स्टील चांगलं होतं.

आता ही गांडुळं लालबागेत कशाला आली, ते सांगायला हवं.

चाळीच्या मागं बंद गिरणीचं तळं आहे. गिरणीच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून शंभर वर्षांपूर्वी खणलेलं. गिरणी पाडून तिथं बावन्न मजल्यांचा टॉवर उभा राहिला, पण तळं हा ऐतिहासिक वारसा आहे असं ऐनवेळी कुणाच्या तरी ध्यानात आलं. गिरणी वारसा नव्हती, गिरणीतली माणसं वारसा नव्हती, तळं होतं. त्यामुळे तळं वाचलं आणि टॉवरवाल्यांनी 'लेक व्ह्यू' म्हणून फ्लॅट विकले. लोक राहायला आले आणि दोन पावसाळ्यांत तळ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जलपर्णी पसरली. व्ह्यू राहिला, लेक गेला.

वॉर्ड ऑफिसनं जलपर्णी काढायला तरंगतं यंत्र आणलं. नारळ फुटला, फोटो निघाले, यंत्रानं चार फेऱ्या मारल्या आणि पाचव्या फेरीत पंख्यात मुळं अडकून ते तळ्याच्या मधोमध उभं राहिलं. ते बाहेर काढायचं तर आधी जलपर्णी काढावी लागेल आणि जलपर्णी काढायची तर यंत्र लागेल, असा ऑफिसचा अहवाल आहे. दुसऱ्या वर्षी यंत्रावरच जलपर्णी उगवली. तेव्हा वॉर्ड ऑफिसनं धोरण बदललं आणि 'जलपर्णीतून समृद्धी' ही योजना काढली. स्थानिक महिलांनी जलपर्णी काढावी, तिचं गांडूळखत करावं आणि श्रीमंत व्हावं. गांडुळं ऑफिस पुरवणार होतं.

एकतीस नंबरच्या सुचित्रा घाणेकरनं आपल्या बचत गटाच्या नावानं अर्ज टाकला. या गटानं आजवर पापड, मसाले आणि एकदा राख्या करून पाहिल्या होत्या, त्यामुळे गांडुळांना भिणाऱ्यातला तो नव्हता. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. गांडुळांच्या निविदेत प्रत्येक गांडुळाची लांबी प्रमाणित करून देण्याची अट होती आणि गांडूळ मोजायला धरलं की लांबी बदलतं. एकही पुरवठादार पुढं आला नाही.

"तात्या," सुचित्रा राजारामला म्हणाली, "तुमच्या पुतण्यानं गावी तांबडी गांडुळं पाळलीयत ना? आणा की दोन किलो. सरकारी गांडुळं येईस्तोवर आम्ही म्हाताऱ्या होऊ."

"आणतो. पण ठेवणार कुठं?"

"जिन्याखाली. तुमच्या गावचे एवढे लोक झोपले तिथं, गांडुळांना काय धाड भरलीय?"

जिन्याखाली विटांचे दोन हौद झाले. बायका गळाच्या काठीनं जलपर्णी ओढायच्या, मुळं तोडायच्या, गच्चीवर चार दिवस सुकवायच्या. ती बारीक चिरून तिच्यात शेण कालवायचं. शेण देवळाबाहेर जी बाई गाय घेऊन बसते तिच्याकडून यायचं. तो काला पंधरा दिवस कुजला, त्याची ऊब गेली की त्यात गांडुळं सोडायची आणि वर ओलं बारदान टाकायचं. पाणी शिंपडणं, उंदीर हाकलणं आणि मुंग्यांवर पाळत ठेवणं हे काम राजारामनं स्वतःहून अंगावर घेतलं. पाळीवर जाण्याची सवय सुटली नव्हती. दोन महिन्यांनी चहापत्तीसारखं काळंभोर खत चाळून निघालं आणि चाळीत पहिल्यांदाच एखादी सरकारी योजना यशस्वी झाली. वॉर्ड ऑफिसला याचा धक्का बसला. मग दर महिन्याला एक कर्मचारी येऊन तपासणीच्या कागदावर शेरा मारून जाऊ लागला, 'द्वारा खोली क्र. ३४. गांडुळे जागेवर हजर आढळली.'

गिऱ्हाईक समोरच उभं होतं, बावन्न मजले. अडतिसाव्या मजल्यावरची नूपुर पहिली पिशवी घेऊन गेली आणि तिच्या बाल्कनीतल्या टोमॅटोला म्हणे आठ दिवसांत फूल आलं. तिनं खताला 'मिल पाँड ब्लॅक' असं नाव दिलं. भाव किलोला चाळीसचा एकशे ऐंशी झाला आणि खप वाढला, कारण चाळीस रुपयांच्या वस्तूवर टॉवरमध्ये कुणाचा विश्वास नव्हता. मग तिनं गांडूळ दत्तक घ्यायची टूम काढली. एका कुटुंबाला दहा गांडुळं, सोबत प्रमाणपत्र. रविवारी टॉवरची मंडळी जिन्याखाली वाकून आपापली गांडुळं बघत. कुठली दहा आपली, हे कुणालाच ओळखू येत नसे, पण बघून बरं वाटे.

"अंकल, ही हॅपी आहेत ना?" नूपुर विचारायची.

"खातात, झोपतात," राजाराम म्हणायचा. "आनी काय पायजे?"

अशी पाच वर्षं गेली आणि एके दिवशी पुनर्विकासाची आवई खरी ठरली.

पात्रता ठरवायला श्री. वैभव टिपणीस आले. सहायक पात्रता निरीक्षक. सभ्य गृहस्थ, स्वतःच्या पाण्याची बाटली आणणारे, चहा नाकारणारे. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. नियमाप्रमाणे व्हावं, एवढंच वाटे. नियम असा होता की, ज्याचं सलग पाच वर्षं अखंड वास्तव्य आहे आणि त्याचे दोन पुरावे आहेत, त्याला तीनशे चौरस फुटांचं घर.

"पाष्टे, पुरावा?"

"ह्ये आधार कार्ड."

"आधार म्हणजे तुम्ही आहात याचा पुरावा. तुम्ही इथं आहात याचा नव्हे."

"रेशनकार्ड गावचं हाय. भाडेपावती मंडळाच्या नावानं."

"मंडळ राहत नाही हो. मंडळ झोपत नाही. आम्हाला राहणारा लागतो."

तेव्हा राजाराम उठला, देवीला हात जोडला आणि तिच्याखालची वही काढून त्यानं टिपणीसांपुढं ठेवली. छाती थोडी फुगली होती त्याची. एवढी चोख वही अख्ख्या गिरणगावात नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

टिपणीसांनी ती वही दोन दिवस वाचली. त्यांचे डोळे पाणावले. "अशी नोंद मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिली नाही," असं त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि खुणा करायला सुरुवात केली. 'राजाराम पाष्टे. शिमग्याला गेला.' 'आला.' 'गणपतीला गेला.' 'आला.' 'वहिनी वारली, गेला.' 'आला.' 'भातलावणीला गेला, चार दिवस.' खोलीत दुसरं कुणी राहत नव्हतं, जागा कुणाला द्यायची नव्हती, तरी हा माणूस स्वतःचं जाणं-येणं स्वतःच लिहीत होता. पंधरा दिवसांनी चाळीच्या दरवाजावर यादी लागली.

'खोली क्र. ३४. १) राजाराम धोंडू पाष्टे : अपात्र. कारण : खंडित वास्तव्य, एकूण खंड १९३. २) गांडुळे, दोन किलो, मूळ गाव शिरंबवली : पात्र. कारण : अखंड वास्तव्य. पुरावे : नोंदवही आणि साठ मासिक तपासण्या.'

चाळ आधी हसली. दुपारपर्यंत लोक यादीचे फोटो काढून पाठवत होते. संध्याकाळी प्रत्येकानं आपलं नाव नीट तपासून घेतलं, ते पात्र असल्याचं पाहिलं आणि मग हसणं थांबवून यादीवर विश्वास ठेवायला सुरुवात केली. शेवटी सरकारी यादी होती. तिच्यातली एक ओळ चूक म्हटली तर बाकीच्या ओळींचं काय, असा साधा विचार होता.

राजाराम हरकतीचा अर्ज घेऊन वरळीच्या कार्यालयात गेला. टिपणीसांनी त्याला खुर्ची दिली.

"सायेब, गांडुळं म्हंजे माणसं नायत."

"नियमात माणूस हा शब्द नाही, पाष्टे. 'सदर जागेत वास्तव्य करणारा तो रहिवासी,' एवढंच आहे. माणूस घालायचा तर शासन निर्णय लागेल. त्याला दोन वर्षं. तोवर चाळ पाडून होईल."

"ती खोलीत राहत नायत. जिन्याखाली राहतात."

टिपणीसांनी वहीचं जुनं पान काढलं. "'दौलत घाग. झोपायची जागा : जिन्याखाली.' हे तुमच्या खोलीचेच ना?"

"व्हय. तेव्हा वर जागा नव्हती."

"मग? झोपायच्या जागेवरून आपण भेद कसा करणार?"

राजारामनं जरा विचार केला. "मी आणलेली गांडुळं मेली असतील हो केव्हाच. हा जीव जगतो किती? दोन-तीन वर्षं."

"वारस आहेत?"

"कोनाला?"

"गांडुळांना."

"लाखभर असतील."

"मग प्रश्नच मिटला. मूळ रहिवाशाच्या पश्चात सोबत राहणारा वारस पात्र ठरतो. तुमच्या पश्चात कोण आहे?"

टिपणीसांनी तो रकाना मोकळा सोडला, कारण ते कुणाचं मन दुखावणाऱ्यातले नव्हते.

"सायेब, मी दर वेळी परत आलोय," राजाराम शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा आलो. 'आला' पन लिवलंय बघा. येकदा तरी चुकलोय का?"

"तेच तर म्हणतो मी," टिपणीस हळहळले. "परत यायला आधी जावं लागतं. गांडुळं गणपतीला गेली नाहीत हो."

हे वाक्य राजारामच्या डोक्यात घर करून बसलं. सुचित्राच्या डोक्यात तर ते लगेच पेटलं. "तात्या, एक ओळ लिहा," ती म्हणाली. "'गांडुळे, मागच्या गणपतीला गेली.' बस्स! झाला खंड. तीपण अपात्र. मग रिकामी खोली तुमच्याशिवाय देणार कुणाला?"

"वहीत खोटं नाय लिवणार मी."

"अहो, देवी काय पुरावे तपासायला येतेय?"

"देवी नाय तपासत, म्हनूनच नाय लिवायचं."

रात्रभर त्याला झोप लागली नाही, पण पहाटे तोडगा सुचला. खोटं लिहायचं नव्हतं ना? मग खरंच न्यायची. गणपतीला आठवडा होता. अंतिम यादी अजून लागायची होती. त्यानं दोन्ही हौद उपसले, हाताला लागेल ते गांडूळ ओल्या बारदानाच्या गोणीत भरलं आणि गणपतीच्या जादा गाडीचं आपलं तिकीट काढलं.

"गोणीत काय आहे?" कंडक्टरनं विचारलं.

"गांडुळं."

"जिवंत?"

"व्हय."

कंडक्टरनं गोणीचं अर्धं तिकीट फाडलं. राजारामनं ते जपून पाकिटात ठेवलं. निघण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दोन्ही देवाशपथ खऱ्या होत्या. 'गांडुळे. गणपतीला गावी गेली.' 'राजाराम पाष्टे. गणपतीला गावी गेला.' गावी त्यानं गोणी पुतण्याच्या मांडवात ठेवली, आरती केली, गौरी जेवू घातल्या आणि कित्येक वर्षांत नव्हता तितका तो सुखानं जेवला.

इकडं लालबागेत गणपतीत काय होतं, ते जगाला ठाऊक आहे. सारी मुंबई तिथं येते आणि तिथली माणसं कोकणात जातात. त्या गर्दीत टिपणीसही सहकुटुंब दर्शनाला आले होते. सात तास रांगेत उभं राहून झाल्यावर त्यांना वाटलं, आलोच आहोत तर हरकतीची स्थळपाहणी उरकून घ्यावी, प्रवासभत्ताही होईल. चौतीस नंबरला कुलूप होतं. जिन्याखाली हौदात हात घातला तर वळवळ जाणवली. राजारामनं मोठी गांडुळं नेली होती. राईच्या दाण्याएवढी त्यांची अंडी कोण वेचणार? ती सगळी फुटली होती आणि सुतासारखी पिल्लं खाली-वर करत होती. टिपणीसांनी बायकोच्या हातातला प्रसाद बाजूला ठेवायला सांगून तिथंच शेरा लिहिला. 'कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य सणानिमित्त गावी. लहान मुले जागेवर हजर. वास्तव्य अखंड. राजाराम पाष्टे : गैरहजर. खंड क्र. १९४.'

एवढ्यावर भागलं असतं. पण रविवारी नूपुर आपली दहा गांडुळं बघायला खाली उतरली आणि बारदान उचलून किंचाळली. संध्याकाळपर्यंत तिनं मोबाईलवर सह्यांची मोहीम उघडली. तिचं नाव होतं 'ज्यांना आवाज नाही'. हौदाचा एक काळोखा फोटो आणि खाली मजकूर : या मूक रहिवाशांना त्यांच्या हक्काच्या घरातून जबरदस्तीनं हलवण्यात आलं आहे, त्यांना परत आणा, त्यांच्या घरातली मानवी घुसखोरी थांबवा. चार दिवसांत अकरा हजार चारशे सह्या झाल्या. तीनशे सिंगापूरहून आल्या. शिरंबवलीतून एक आली. ती राजारामच्या पुतण्याची. त्याला कुणी तरी लिंक पाठवली, त्यानं गांडुळांचं चित्र बघितलं आणि अंगठा दाबला.

राजाराम अनंत चतुर्दशीनंतर गोणी घेऊन परतला तेव्हा चाळीच्या दारात टॉवरची पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती. त्याला वाटलं, आपल्यासाठी.

"वेलकम होम!" नूपुर गोणीला म्हणाली.

सुचित्राला मात्र वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. तिनं तात्यांच्या बाजूनं बचत गटाचं निवेदन लिहायला घेतलं. पण गटाच्या बैठकीत कुणी तरी सुचवलं की, गांडुळं अपात्र ठरली तर नव्या इमारतीत हौदाला जागा कुठली? गांडुळं पात्र ठरली तर तीनशे चौरस फूट फुकट. मग निवेदन पुढच्या बैठकीवर ढकलावं असं ठरलं आणि पुढची बैठक हळदीकुंकवाची होती.

अंतिम आदेश आला. अकरा हजार चारशे नागरिकांच्या भावनांची नोंद घेऊन गांडुळांची पात्रता कायम करण्यात आली होती. हरकतदार राजाराम पाष्टे यांच्या बाजूनं एकही सही प्राप्त नाही, हेही नमूद होतं. आदेश टिपणीसांनी स्वतः आणून दिला. टपालानं पाठवणं त्यांना बरं वाटेना.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "पात्र रहिवाशांना स्वतःची देखभाल करता येत नसेल तर काळजीवाहू नेमता येतो. राहण्याची सोय त्याच घरात. मी तुमचं नाव सुचवलंय. अकरा महिन्यांचं कंत्राट. अकरा झाले की महिनाभर बाहेर राहायचं, मग पुन्हा अकरा."

"महिनाभर बाहेर का?"

"नाही तर तुमचं वास्तव्य अखंड होईल ना!"

"मग त्या महिन्यात जाऊ कुठं?"

"गावी जा. तसेही जाताच की तुम्ही."

राजारामनं सही केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि हौदाला पाणी मारायची वेळ झाली होती.

चाळ पडली. गांडुळांना माझगावला संक्रमण शिबिरात खोली मिळाली आणि त्यांच्यासोबत काळजीवाहूची सोय झाली. तीन वर्षांनी नवी इमारत उभी राहिली. आता चौतीस नंबर तिसऱ्या मजल्यावरच आहे, दोन खोल्या, फरश्या गुळगुळीत, नळाला चोवीस तास पाणी. हॉलमध्ये चार हौद आहेत. आतली खोली मूळ पात्र रहिवाशांच्या वाढत्या कुटुंबासाठी राखून ठेवली आहे. तळ्यातली जलपर्णी हे आता रहिवाशांचं अन्न असल्यानं तिला हात लावायला परवानगी लागते आणि यंत्र अजून तिथंच आहे. दारावर सरकारनं दिलेली पितळी पाटी आहे, 'गांडुळे (शिरंबवलीकर)'. टॉवरवाले येता-जाता तिच्यासोबत फोटो काढतात.

राहायला आले त्या दिवशी राजारामनं देवीची तसबीर भिंतीला लावली आणि तिच्याखाली वही ठेवली. मग नियम आठवून ती पुन्हा काढली. खोलीत नवीन कुणी आलं की नोंद करायची असते. गांडुळं आधीपासूनची होती. नवीन तोच होता. चष्मा लावून त्यानं लिहिलं, 'राजाराम पाष्टे. आला. एक माणूस. सामान : ट्रंक. झोपायची जागा : दाराजवळ.' ट्रंकेतली स्टीलची पाटी त्यानं बाहेर काढली. हौदाच्या कोपऱ्यातलं खत खरवडायला ती फार बरी पडते. स्टील चांगलं आहे, आणि अक्षरं मातीत असली तरी झिजत नाहीत.

परवा नूपुर पाच किलोची पिशवी न्यायला आली होती. कंत्राटाचा अकरावा महिना भरत आला होता आणि राजाराम दाराजवळ ट्रंक भरत बसला होता. त्या दिवशी कसं कोण जाणे, ती थांबली, आणि घर कुणाला मिळालं, कसं मिळालं, हे तिनं पहिल्यांदाच विचारलं. राजारामनं सांगितलं. रागानं नाही, वहीत लिहावं तसं, तारखांसकट. नूपुरचे डोळे भरून आले. ती मनाची वाईट नाही.

"काका," ती म्हणाली, अंकलवरून काकावर येत, "ऑनेस्टली सांगते, मी तुमच्यासाठी पण सही केली असती हो. आम्ही सगळ्यांनीच केली असती. पण लिंकच कुणी पाठवली नाही."

खरंच आहे ते. आपल्याला तरी कुठं कुणी पाठवली होती?